प्रोसेसरची तुलना कशी करावी: कोणता आकडा आधी पाहायचा, कोणता शेवटी

असेम्बल्ड पीसीचं कोटेशन मागितलं की हातात पडणाऱ्या कागदावर बहुधा एवढंच असतं: ‘आय५ तेरावी पिढी, १० कोअर, ४.६ गिगाहर्ट्झ’. लॅपटॉपच्या जाहिरातीतही तेच. यातलं काही खोटं नसतं, पण एवढ्या माहितीवर दोन प्रोसेसरांपैकी चांगला कोणता हे ठरवता येत नाही. सगळ्यात ठळक छापलेला आकडा, म्हणजे गिगाहर्ट्झ, हा तुलनेत सगळ्यात शेवटी पाहायचा आकडा आहे. त्याआधी चिप कोणत्या घराण्यातली आहे, ती कोणत्या बोर्डावर बसते, तिच्यात कोणत्या प्रकारचे कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) किती, कॅशे (चिपच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) किती आणि ती खरोखर किती वॅट खाते हे कळायला हवं. हा क्रम उलटा झाला की चुकीचा प्रोसेसर घरी येतो, कारण मोठा आकडा कित्येकदा कमकुवत चिपवरच छापलेला असतो.

उदाहरण म्हणून मध्यम बजेटच्या डेस्कटॉपमध्ये बसवले जाणारे पाच प्रोसेसर घेऊ. लॅपटॉपचं गणित थोडं वेगळं आहे, त्याचा विचार शेवटाकडे केला आहे. तक्त्यात रायझन एएमडीचे आहेत आणि ‘कोअर आय५’ इंटेलचे. थ्रेड म्हणजे एकाच वेळी चालू शकणारी कामं, बेस म्हणजे मूळ वेग आणि बूस्ट म्हणजे गरजेला गाठला जाणारा कमाल वेग, एल३ म्हणजे कोअरची सामाईक कॅशे, आणि सॉकेट म्हणजे मदरबोर्डावरची प्रोसेसरची बैठक.

| मॉडेल | कोअर / थ्रेड | बेस – बूस्ट (गिगाहर्ट्झ) | एल३ कॅशे | सॉकेट | रॅम (अधिकृत) |
|---|---|---|---|---|---|
| रायझन ५ ५५०० | ६ / १२ | ३.६ – ४.२ | १६ एमबी | एएम४ | डीडीआर४-३२०० |
| रायझन ५ ५६०० | ६ / १२ | ३.५ – ४.४ | ३२ एमबी | एएम४ | डीडीआर४-३२०० |
| कोअर आय५-१२४००एफ | ६ / १२ | २.५ – ४.४ | १८ एमबी | एलजीए१७०० | डीडीआर४-३२०० किंवा डीडीआर५-४८०० |
| कोअर आय५-१३४००एफ | १० / १६ | २.५ – ४.६ | २० एमबी | एलजीए१७०० | डीडीआर४-३२०० किंवा डीडीआर५-४८०० |
| रायझन ५ ७६०० | ६ / १२ | ३.८ – ५.१ | ३२ एमबी | एएम५ | डीडीआर५-५२०० |

पाचही प्रोसेसरांच्या कागदावर वॅट एकच लिहिलेले आहेत: ६५. खऱ्या वापरात मात्र त्यांच्यात मोठा फरक पडतो.

पायरी १: पूर्ण मॉडेल नंबर मिळवा

‘आय५’ किंवा ‘रायझन ५’ हे नुसतं दर्जाचं लेबल आहे. दुकानदाराकडून शेवटच्या अक्षरासकट पूर्ण नंबर लिहून घ्या आणि तो इंटेलच्या किंवा एएमडीच्या अधिकृत पानावर शोधा. ऑनलाइन विक्रेत्यांच्या पानांवर आधीच्या मॉडेलची माहिती तशीच चिकटवलेली सापडते, म्हणून त्यांच्या तक्त्यावर विसंबू नका.

शेवटची अक्षरं नीट वाचा. इंटेलमध्ये ‘के’ म्हणजे ओव्हरक्लॉकिंगसाठी (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्यासाठी) मोकळा, ‘एफ’ म्हणजे आतलं ग्राफिक्स नाही, ‘टी’ म्हणजे ३५ वॅटमध्ये दाबून बसवलेला. एएमडीमध्ये ‘एक्स’ म्हणजे जास्त वेगाचा, ‘जी’ म्हणजे बऱ्यापैकी ताकदीचं ग्राफिक्स आत असलेला, ‘एक्स३डी’ म्हणजे कॅशेचा जादा थर चढवलेला. इथे एक गोम आहे. रायझन ५ ५६०० च्या नावात ‘एफ’ नाही, तरी त्यातही ग्राफिक्स नाही. रायझन ५ ७६०० मध्ये मात्र डिस्प्ले चालेल एवढं ग्राफिक्स आहे. ‘एफ’वाला इंटेल किंवा ५६०० घेतला आणि ग्राफिक्स कार्ड लावलं नाही, तर मदरबोर्डावरच्या एचडीएमआय पोर्टमधून काहीच दिसत नाही. मग लोक बोर्ड खराब आहे म्हणून परत घेऊन जातात.

त्याच वेळी बॉक्स पॅक आहे की ट्रे, हेही विचारा. ट्रे प्रोसेसर स्वस्त पडतो, पण त्यासोबत कूलर नसतो आणि वॉरंटी विक्रेत्याच्या शब्दावर राहते.

पायरी २: सॉकेट, बोर्ड आणि रॅम एकत्र मांडा

प्रोसेसर एकटा विकत घेतला जात नाही. प्रोसेसर, बोर्ड, रॅम आणि कूलर या चौघांची बेरीज करून मगच तुलना करा. ५६०० आणि ७६०० यांच्या किमतींत जेवढा फरक दिसतो, त्याहून जास्त फरक कधी कधी बोर्ड आणि रॅममध्ये पडतो. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव जोरात चढले, त्यामुळे जुन्या कोटेशनवरची बेरीज आज धरून चालत नाही.

एएम४ हे सॉकेट २०१७ पासून रायझनच्या पहिल्या पिढीला धरून ५००० मालिकेपर्यंत चाललं आणि आता त्याचा शेवट झाला आहे. एलजीए१७०० वर बारावी, तेरावी आणि चौदावी अशा तीन पिढ्या बसतात, पुढचा कोअर अल्ट्रा २०० मात्र एलजीए१८५१ वर गेला. एएम५ वर ७०००, ८००० आणि ९००० मालिका बसतात आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही हे सॉकेट चालू ठेवण्याचं एएमडीने जाहीर केलं आहे. तीन-चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलायचा विचार असेल तर एएम५ ला यामुळे खरं वजन येतं. एकदा घेतलेला पीसी संपेपर्यंत तसाच वापरणार असाल, तर या मुद्द्यासाठी जादा पैसे देऊ नका.

चिपसेटमुळे, म्हणजे मदरबोर्डावरच्या नियंत्रक चिपमुळे (एच६१०, बी५५० ही तिचीच नावं), प्रोसेसरचे काही गुण वाया जातात, ते कोणते हे आधीच पाहून ठेवा:

- एच६१० बोर्डावर रॅम ओव्हरक्लॉक होत नाही. ६००० वेगाची डीडीआर५ किट १३४००एफ सोबत लावली तरी ती ४८०० वरच चालेल. बी७६० वर हे बंधन नाही.
- ए५२० आणि बी४५० बोर्डांवर ग्राफिक्स स्लॉट पीसीआय एक्सप्रेस (कार्डाला प्रोसेसरशी जोडणारा मार्ग) ३.० चा असतो. तिथे ५६०० ची ४.० ची सोय निरुपयोगी ठरते. बी५५० घ्या.
- तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचा प्रोसेसर जुन्या साठ्यातल्या एच६१० किंवा बी६६० बोर्डावर बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केल्याशिवाय सुरूच होत नाही. अपडेट करून द्यायला दुकानातच सांगा.

पायरी ३: कोअर मोजू नका, त्यांची जात ओळखा

१३४००एफ मध्ये १० कोअर आहेत आणि ७६०० मध्ये ६. म्हणून पहिला दुपटीच्या जवळ जातो असं नाही. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून बऱ्याच चिपांत दोन जातींचे कोअर एकत्र असतात: जोरकस पी-कोअर आणि लहान, कमी वीज खाणारे ई-कोअर. जाहिरातीत दोघांची बेरीज छापतात.

ती बेरीज फोडायची साधी युक्ती आहे. बारावी ते चौदावी पिढी आणि पहिली कोअर अल्ट्रा मालिका यांत प्रत्येक पी-कोअरचे दोन थ्रेड होतात आणि ई-कोअरचा एकच. म्हणून थ्रेडमधून कोअर वजा केले की पी-कोअर उरतात. १३४००एफ: १६ − १० = ६. आय९-१४९००के: ३२ − २४ = ८. उरलेले सगळे ई-कोअर. हे सूत्र कोअर अल्ट्रा २०० ला लावू नका, कारण त्यात एका कोअरचे दोन थ्रेड करण्याची सोयच काढून टाकली आहे. अल्ट्रा ५ २४५के मध्ये १४ कोअर आणि १४च थ्रेड आहेत, त्यातले ६ पी-कोअर.

आता स्वतःचं काम पाहा. ऑटोकॅडमध्ये रेषा काढणं, नकाशा फिरवणं हे मुख्यतः एका कोअरवर चालतं, तिथे एकेका कोअरची ताकदच कामी येते. ब्लेंडरमध्ये सीपीयूवर रेंडर करणं, मोठा कोड कंपाइल करणं, मोठ्या फाइली झिप करणं ही कामं सगळ्या कोअरवर पसरतात, तिथे ई-कोअरचाही पुरेपूर उपयोग होतो. खेळांना साधारण सहा ते आठ जोरकस कोअर पुरतात, त्यापुढे त्यांची नजर कॅशेकडे असते. ऑफिसचं काम, ब्राउझर आणि अकाउंटिंग यांसाठी तक्त्यातले पाचही प्रोसेसर पुरून उरतात. तिथे प्रोसेसरवरचे पैसे वाचवून चांगली एसएसडी आणि १६ जीबी रॅम घेणं शहाणपणाचं.

पायरी ४: पिढीचा आकडा तपासून घ्या

‘तेरावी पिढी’ लिहिलं म्हणजे आतला कोअर तेराव्या पिढीचा असेलच असं नाही. याचा पुरावा एल२ कॅशेच्या (एल३ पेक्षा कोअरच्या जवळच्या कॅशेच्या) आकड्यात सापडतो. बाराव्या पिढीच्या पी-कोअरला १.२५ एमबी एल२ असते, तेराव्याच्या नव्या पी-कोअरला २ एमबी. ई-कोअरच्या चार-चारच्या गटाला बाराव्या पिढीत २ एमबी आणि तेराव्या पिढीच्या नव्या रचनेत ४ एमबी.

१२४००एफ ची एल२ बेरीज ७.५ एमबी आहे, म्हणजे ६ × १.२५. १३४००एफ ची ९.५ एमबी, म्हणजे तेच ७.५ आणि वर चार ई-कोअरचे २. १३६००के ची मात्र २० एमबी: ६ × २ आणि वर दोन गटांचे ८. यावरून दिसतं की नावात ‘१३’ असला तरी १३४००एफ मध्ये बाराव्या पिढीच्याच कोअरची रचना आहे. १४४००एफ ची एल२ सुद्धा ९.५ एमबीच. म्हणून १३४०० आणि १४४०० यांतला जो स्वस्त मिळेल तो घ्या. ‘चौदावी पिढी’ या शब्दांसाठी जादा पैसे मोजू नका, दोघांच्या बूस्टमध्ये फक्त ०.१ गिगाहर्ट्झचा फरक आहे.

पायरी ५: आता कुठे गिगाहर्ट्झ

समजून आत्ता घेऊ, निर्णयात मात्र हा आकडा कॅशे आणि वॅट यांच्याही नंतरच धरा. गिगाहर्ट्झ म्हणजे एका सेकंदातले ठोके, अब्जांमध्ये मोजलेले. एका ठोक्यात किती काम उरकतं हे कोअरच्या रचनेवर ठरतं आणि ते कागदावर छापलेलं नसतं. त्यामुळे गिगाहर्ट्झची तुलना एकाच रचनेच्या दोन चिपांमध्येच खरी.

रचना वेगळ्या असतील तर गुणाकार करावा लागतो. झेन ही एएमडीच्या कोअर रचनांची नावं. झेन ३ रचनेपेक्षा झेन ४ एका ठोक्यात सरासरी १३ टक्के जास्त काम करते, असा एएमडीचा स्वतःचा दावा आहे. ५६०० झेन ३ चा, बूस्ट ४.४. ७६०० झेन ४ चा, बूस्ट ५.१. आता ५.१ ÷ ४.४ = १.१६ आणि १.१६ × १.१३ = १.३१. म्हणजे एका कोअरच्या कामात ७६०० सुमारे ३० टक्के पुढे असायला हवा. हा कागदावरचा अंदाज आहे. खेळात ग्राफिक्स कार्डच कमी पडत असेल तर यातलं काही दिसणार नाही. तरीही दुकानात उभ्या उभ्या अंदाज बांधायला ही रीत चांगली आहे.

बेस क्लॉकवर तर निर्णय घेऊच नका. तक्त्यात ५५०० चा बेस ३.६ आहे आणि त्याच्याहून सरस ५६०० चा ३.५. रायझन ७ ५७०० आणि ५७००एक्स यांतही तेच: दोन्ही ८ कोअर, १६ थ्रेड, बूस्ट ४.६. पण ५७०० चा बेस ३.७ आणि ५७००एक्स चा ३.४. अनेक जण जास्त बेस पाहून ५७०० घेतात आणि निम्मी कॅशे पदरात पाडून घेतात.

पायरी ६: एल३ कॅशे, विशेषतः खेळांसाठी

५५०० आणि ५६०० यांच्या नावांत शंभराचा फरक, कोअर सारखे, रचना झेन ३ च. फरक आहे तो मूळ चिपमध्ये. ५५०० (आणि ५७००) ही मुळात आतल्या ग्राफिक्ससह बनवलेली चिप आहे, जिचं ग्राफिक्स बंद करून ती विकली जाते. त्या रचनेत एल३ कॅशे १६ एमबीच आहे आणि पीसीआय एक्सप्रेस ३.० वरच थांबते. हवा असलेला डेटा कॅशेत सापडला नाही की कोअरला रॅमपर्यंत जावं लागतं आणि तिथून उत्तर यायला कित्येक पट वेळ लागतो. खेळांमध्ये असे फेरे सतत होतात.

कॅशेचं वजन किती, हे रायझन ७ ७७००एक्स आणि ७८००एक्स३डी या जोडीत सर्वांत स्पष्ट दिसतं. दोन्ही झेन ४ चे, ८ कोअर. ७७००एक्स चा बूस्ट ५.४ आणि एल३ ३२ एमबी. ७८००एक्स३डी चा बूस्ट फक्त ५.०, पण एल३ ९६ एमबी. बहुतेक खेळांत दुसरा पुढे जातो. रेंडरिंगमध्ये मात्र जादा कॅशे फारशी उपयोगी पडत नाही आणि तिथे ७७००एक्स पुढे राहतो. फक्त खेळासाठी पीसी असेल तर एक्स३डी चे पैसे वसूल होतात, व्हिडिओ एक्स्पोर्ट हेच मुख्य काम असेल तर होत नाहीत.

कॅशेची तुलनाही शक्यतो एकाच कंपनीच्या चिपांमध्ये करा. इंटेलची १८ एमबी आणि एएमडीची ३२ एमबी यांची सरळ वजाबाकी करून काही हाती लागत नाही, कारण दोघांच्या एल२ आणि एल३ ची मांडणीच वेगळी आहे.

पायरी ७: वॅट, आणि आपल्याकडचा उन्हाळा

पाचही प्रोसेसर ‘६५ वॅट’चे. इंटेलच्या कागदावर हा आकडा ‘बेस पॉवर’ असतो आणि त्याच्याच खाली ‘कमाल टर्बो पॉवर’ असा दुसरा आकडा असतो: १२४००एफ साठी ११७ वॅट, १३४००एफ साठी १४८ वॅट. इंटेलच्या मूळ शिफारशीत ६५ वॅटवाल्या प्रोसेसरने हा वरचा भार साधारण २८ सेकंद पेलून मग खाली यायचं असतं. पण बरेच बोर्ड उत्पादक ही मर्यादा उठवून ठेवतात, म्हणजे काम चालू असेपर्यंत प्रोसेसर वरच राहतो. एएम५ वर कागदावरच्या आकड्याला १.३५ ने गुणलं की खरी मर्यादा मिळते: ६५ चे ८८, १२० चे १६२, १७० चे २३०. म्हणून ७६०० ची मर्यादा ८८ वॅट.

बोर्ड या भाराला पुरतो का, हे यावरून कळतं. आय७-१४७०० सारखा प्रोसेसर सगळ्यात स्वस्त एच६१० बोर्डावर बसवला तर वीज पुरवणारे भाग तापतात आणि बोर्ड प्रोसेसरचा वेग खाली आणतो. घेतलेल्या आय७ कडून मग आय५ एवढंच काम होतं. वीस हजारांच्या पुढचा प्रोसेसर आणि पाच हजारांचा बोर्ड ही जोडी टाळा.

कूलरचा हिशोब उन्हाळा धरून करा. कूलर तापमान खोलीच्या तुलनेत किती अंश वर ठेवतो, एवढंच त्याच्या हातात असतं. एखादा कूलर पूर्ण भाराला ५५ अंशांची वाढ देत असेल, तर २५ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ८० वर राहील. युट्यूबवरच्या बहुतेक चाचण्या वातानुकूलित खोलीतल्या असतात. मे महिन्यात अकोला, नागपूर, चंद्रपूरकडे बिनएसीची खोली ४० अंशांवर जाते, तिथे तोच कूलर प्रोसेसरला ९५ वर नेतो. रायझन ७००० ची मर्यादा ९५ अंश आहे, ७८००एक्स३डी ची ८९, आणि तक्त्यातल्या दोन इंटेलची १००. मर्यादा गाठली की प्रोसेसर जळत नाही, वेग कमी करतो. पण पैसे ज्या वेगाचे दिले तो मिळत नाही. अशा ठिकाणी बॉक्समधला कूलर १२४००एफ ला चालून जातो. १३४००एफ वर रेंडरिंग करायचं असेल तर चार हीटपाइपचा साधा टॉवर कूलर आधीच बजेटात धरा.

इथेच सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी एक इशारा. तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या आय७ आणि आय९ सारख्या वरच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत जादा व्होल्टेजमुळे कायमची झीज होत असल्याचं २०२४ मध्ये समोर आलं. इंटेलने मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या नियंत्रण सूचनांचे) अपडेट दिले आणि ठरावीक मॉडेलांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. अपडेटमुळे पुढची झीज थांबते, आधी झालेली भरून येत नाही. असा प्रोसेसर वापरलेला मिळत असेल तर मूळ बिल मागा. एखादा मोठा खेळ सुरुवातीला शेडर (चित्रं रंगवणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा संच) तयार करताना ‘व्हिडिओ मेमरी संपली’ म्हणून बंद पडतो का, मोठी झिप फाइल उघडताना त्रुटी येते का, हे समोर करून पाहा. ही त्या बिघाडाची ठरलेली लक्षणं आहेत.

पायरी ८: पीसीआय एक्सप्रेसच्या लेन

हा आकडा कोणी पाहत नाही आणि नेमका स्वस्त ग्राफिक्स कार्डांच्या बाबतीत तो नडतो. लेन म्हणजे या मार्गाची एक पट्टी. आवृत्ती ३.० ची एक लेन सेकंदाला सुमारे १ जीबी वाहते, ४.० ची २ जीबी, ५.० ची ४ जीबी. आरटीएक्स ४०६० या कार्डाला फक्त ८ लेन आहेत. ५६०० सोबत बी५५० बोर्डावर त्याला ८ × २ = १६ जीबीचा मार्ग मिळतो. ५५०० सोबत ८ × १ = ८ जीबी. कार्डाची स्वतःची ८ जीबी मेमरी पुरते तोवर फरक कमी, पण टेक्स्चर वर नेऊन ती भरली की माल याच मार्गाने ये-जा करू लागतो आणि खेळ अडखळतो. आरएक्स ६५०० एक्सटीला तर चारच लेन आहेत, ते ५५०० सोबत लावू नका.

रायझन ५ ८५००जी हाही असाच सापळा. एएम५ चा, नवा, आत ग्राफिक्स असलेला, पण बाहेरच्या कार्डासाठी फक्त ४ लेन देतो. ८६००जी आठ देतो. ‘आत्ता आतल्या ग्राफिक्सवर भागवू, पुढच्या वर्षी कार्ड घेऊ’ असा बेत असेल तर ८५००जी घेऊ नका.

पायरी ९: रॅमचा वेग आणि आतलं ग्राफिक्स

डीडीआर४-३२०० च्या दोन पट्ट्या मिळून सेकंदाला ५१.२ जीबी देतात, डीडीआर५-५२०० च्या ८३.२. एकच पट्टी लावली की हे निम्म्यावर येतं. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते याच रॅमवर जगतं. ‘जी’ मालिकेचा प्रोसेसर एका पट्टीवर चालवणं म्हणजे त्याचं ग्राफिक्स वाया घालवणं. १६ जीबी हवी तर ८ च्या दोन घ्या. चार पट्ट्यांचा मोह मात्र एएम५ वर नको: रायझन ७००० चा अधिकृत वेग दोन पट्ट्यांना ५२०० आहे, चार पट्ट्यांना ३६००.

लग्नाचं किंवा कार्यक्रमांचं शूटिंग १०-बिट ४:२:२ एच.२६५ (रंगांची जास्त माहिती ठेवणारा व्हिडिओ प्रकार) मध्ये करणाऱ्यांनी ‘एफ’वाला इंटेल घेऊ नये. बाराव्या पिढीपासूनच्या इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समधली क्विक सिंक ही सोय असे व्हिडिओ टाइमलाइनवर सहज चालवते. एनव्हिडियाच्या कार्डांत ही क्षमता आरटीएक्स ५० मालिकेपासून आली. ‘एफ’ नसलेल्या मॉडेलसाठी द्यावे लागणारे थोडे जादा पैसे अशा कामात लगेच वसूल होतात.

पायरी १०: बेंचमार्क वाचताना

बेंचमार्क म्हणजे वेग मोजणाऱ्या ठरावीक चाचण्या, जसं सिनेबेंच आणि गीकबेंच. इथवर दोन-तीन नावं उरली असतील, त्यांचेच निकाल पाहा. सिनेबेंच आर२३ आणि सिनेबेंच २०२४ यांचे गुण एकमेकांशी ताडू नका, मोजपट्टीच वेगळी आहे. गीकबेंच ५ आणि ६ यांचंही तसंच. गीकबेंच ६ मध्ये सगळे कोअर मिळून एकच काम करतात, त्यामुळे कोअर वाढले तरी मल्टीकोअरचे गुण त्या प्रमाणात चढत नाहीत. खेळांच्या चाचणीत सरासरी फ्रेमइतकेच ‘१ टक्का लो’चे (सगळ्यात संथ १ टक्का फ्रेमचे) आकडे पाहा, अडखळणं तिथेच कळतं. प्रोसेसरांमधला फरक दाखवण्यासाठी या चाचण्या १०८०पी वर आणि सगळ्यात महागड्या कार्डावर घेतात. तुमचं कार्ड ४०६० असेल तर त्या आलेखातला २० टक्क्यांचा फरक तुमच्या घरी दोन-तीन टक्क्यांवर येऊ शकतो.

मग भाव काढा: प्रोसेसर, बोर्ड, रॅम आणि कूलरची बेरीज भागिले तुमच्या कामाशी मिळत्याजुळत्या चाचणीचे गुण. तक्त्यातल्या पाचांपैकी ४०६० सोबत खेळ आणि साधं काम यांसाठी ५६०० किंवा १२४००एफ, रेंडरिंगचं प्रमाण जास्त असेल तर १३४००एफ, आणि पुढे प्रोसेसर बदलायचा असेल तर ७६०० असा आमचा कौल आहे. ५५०० फक्त तेव्हाच, जेव्हा एएम४ बोर्ड आधीच घरात आहे आणि ५६०० बजेटात बसतच नाही.

लॅपटॉप: नाव फोडल्याशिवाय पुढे जाऊ नका

रायझनच्या ७००० मालिकेतल्या लॅपटॉप चिपांत तिसरा अंक रचना सांगतो. ७५२०यू मधला २ म्हणजे झेन २, ७५३०यू मधला ३ म्हणजे झेन ३, ७५४०यू मधला ४ म्हणजे झेन ४. तीन्ही ‘रायझन ५, ७००० मालिका’ म्हणूनच विकले जातात. त्यातही ७५२०यू मध्ये चारच कोअर आणि ४ एमबी एल३ आहे, तर ७५३०यू मध्ये सहा कोअर आणि १६ एमबी. दोघांच्या किमतीत थोडाच फरक असेल तर ७५२०यू कडे पाहूही नका.

इंटेलमध्ये शेवटचं अक्षर आय५-आय७ पेक्षा महत्त्वाचं. आय७-१३५५यू: १० कोअर, १२ थ्रेड, बूस्ट ५.०, बेस पॉवर १५ वॅट. वजाबाकी करा, पी-कोअर फक्त २. आय५-१३५००एच: १२ कोअर, १६ थ्रेड, बूस्ट ४.७, ४५ वॅट. पी-कोअर ४. जड कामात हा आय५ त्या आय७ ला मागे टाकतो. बॅटरी जास्त टिकायला हवी असेल तर मात्र ‘यू’च बरा. नावात ‘अल्ट्रा’ नसलेले कोअर ५ १२०यू किंवा कोअर ५ २१०एच हे नव्या नावाने आलेले रॅप्टर लेक, म्हणजे तेराव्या पिढीच्याच घराण्यातले आहेत.

लॅपटॉपमध्ये एकच चिप दोन मॉडेलांत वेगळी चालते, कारण किती वॅट द्यायचे हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो. म्हणून प्रोसेसरचा नाही, तर त्याच लॅपटॉप मॉडेलचा रिव्ह्यू शोधा आणि त्यात दहा मिनिटांच्या सलग चाचणीनंतरचा आकडा पाहा. ‘एआय लॅपटॉप’ या चिकटपट्टीबद्दल एवढंच: मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट प्लस सोयींसाठी एनपीयू (एआयची कामं करणारा चिपमधला भाग) किमान ४० टॉप्सचा, म्हणजे सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करणारा, लागतो. कोअर अल्ट्रा २००व्ही आणि रायझन एआय ३०० तो देतात, पण ‘अल्ट्रा’ लिहिलेली प्रत्येक चिप देत नाही.

पीसी घरी आल्यावर

परतीची मुदत संपायच्या आत तपासून घ्या. नव्या एएम५ पीसीत पहिल्यांदा सुरू करताना रॅम जुळवून घेण्यात काही मिनिटं पडदा काळा राहू शकतो, तेव्हा घाईने बटण दाबून बंद करू नका. नंतर टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’ उघडून मॉडेल, कोअर, लॉजिकल प्रोसेसर आणि एल३ हे चारही बिलाशी ताडा. मेमरीच्या पानावर वेग पाहा: ६००० ची किट ४८०० दाखवत असेल तर बायोसमध्ये एक्सपो किंवा एक्सएमपी (रॅम छापील वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करायचं राहिलं आहे. सीपीयू-झेड (प्रोसेसर आणि रॅमची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) मध्ये डीडीआर४-३२०० चा आकडा १६०० दिसतो, तो बरोबर आहे, तिथे निम्माच दाखवतात. डीडीआर५ ची एकच पट्टी असली तरी तिथे ‘२ × ३२-बिट’ दिसतं आणि दोन पट्ट्या लावल्यासारखं वाटतं. खऱ्या दोन पट्ट्यांना ‘४ × ३२-बिट’ दिसायला हवं.

पुढे एचडब्ल्यूइन्फो (वॅट आणि तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा ठेवून सिनेबेंच आर२३ ची दहा मिनिटांची चाचणी चालवा आणि पॅकेज पॉवर व तापमान यांवर नजर ठेवा. सुरुवातीचे गुण चांगले आणि शेवटचे पडलेले असतील तर कूलर नीट दाबून बसलेला नाही किंवा पुरत नाही. जीपीयू-झेड (ग्राफिक्स कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) मध्ये कार्डाच्या लेन पाहताना त्यातलीच रेंडर टेस्ट चालू करा, कारण कार्ड रिकामं बसलेलं असताना वीज वाचवायला आवृत्ती १.१ वर उतरतं आणि उगाच बोर्डात दोष असल्यासारखं वाटतं. चाचणी चालू असताना ४०६० आणि बी५५० वरच्या ५६०० ला ‘एक्स८ ४.०’ दिसलं पाहिजे. ‘एक्स४’ दिसलं तर कार्ड खालच्या स्लॉटमध्ये बसवलेलं आहे का ते आधी पाहा.